शंभरचा प्लॅन, चाळीसचा वेग: मधले साठ जातात कुठे?

घरच्या इंटरनेटच्या प्लॅनवर छापलेला आकडा म्हणजे तुमच्या मोबाइलवर मिळणारा वेग नव्हे. तो फक्त एका टप्प्याचा आकडा आहे: कंपनीच्या यंत्रणेपासून तुमच्या घरातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्यापर्यंतचा. डब्याच्या अलीकडे तुमच्या भिंती, वायफाय आणि मोबाइल आहेत. पलीकडे कंपनीचं जाळं, मग मुंबई आणि मग बाकीचं जग. यातला जो टप्पा सगळ्यात अरुंद असेल, तोच तुमचा वेग ठरवतो. म्हणून ‘शंभरचे पैसे घेतले आणि चाळीसच देतात’ असं म्हणत कस्टमर केअरला फोन लावण्याआधी एक गोष्ट शोधावी लागते, ती म्हणजे वाट नेमकी कुठे अरुंद झाली आहे.

माझ्या पाहण्यात पुण्यातल्या फ्लॅटमधल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ घरातच सापडतं. कंपन्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे दोष त्यांचा असला तरी पहिलं उत्तर ‘सर, राउटर रिस्टार्ट करून बघा’ हेच येतं. दोष तुमच्याकडे असला तर उत्तर आणखी सोयीचं असतं: ‘सर, दोनशेचा प्लॅन घ्या.’

सुरुवातीला हिशेबाचा एक घोळ मिटवू. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल डाउनलोड करताना ब्राउझर जो वेग दाखवतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरणार. स्क्रीनवर ११ किंवा १२ दिसत असेल, तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची निम्मी भांडणं इथेच मिटायला हरकत नाही.

उरलेल्या अर्ध्या-एक मेगाबाइटचंही कारण आहे. डेटा पॅकेटांमधून जातो आणि एक मोठं पॅकेट १५०० बाइटचं असतं. त्यातले ४० बाइट पत्त्यात आणि पोहोचपावतीच्या हिशेबात जातात. दोन पॅकेटं तारेवर वेगवेगळी ओळखू यावीत म्हणून मोकळ्या जागेसकट आणखी ३८ बाइट लागतात. म्हणजे १५३८ बाइटांची जागा अडवून तुमच्या कामाचे १४६० बाइट पोहोचतात. त्यामुळे १०० च्या तारेवर ९५ च्या आसपास येणार, त्याहून जास्त नाही. ही चोरी नाही. काही कंपन्या तर हे गृहीत धरून आपल्या बाजूला मर्यादा थोडी वर ठेवतात.

९४-९५ हा आकडा मात्र लक्षात ठेवा. पुण्यात तो एका भलत्याच दुखण्याची खूण आहे.

समजा तुमचा प्लॅन २०० चा आहे. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडला, सकाळी स्पीड टेस्ट केली आणि आकडा ९४ वर जाऊन बसला. दुपारी ९४, रात्रीही ९४. हा गर्दीचा परिणाम असता तर आकडा वरखाली झाला असता. इतका ठाम आकडा दिसला की समजावं, वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं कुलूप आहे. ते कुलूप तीन ठिकाणी असू शकतं. एक, कंपनीने दिलेल्या स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात. राउटरच्या खोक्यावर ३०० किंवा १२०० असे आकडे छापलेले असतात, पण ते वायफायचे. मागच्या पिवळ्या भोकांबद्दल ते काही सांगत नाहीत. दोन, तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट किंवा यूएसबी अडॅप्टर जुना असतो. तिसरं ठिकाण सगळ्यात मजेशीर आहे, ते म्हणजे केबल.

लॅन केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. आता बरेच स्थानिक नेटवाले काय करतात, तर फायबर बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत आणतात, तिथे एका पत्र्याच्या पेटीत स्विच ठेवतात आणि डक्टमधून लॅन केबल खाली सोडतात. शेजारच्या फ्लॅटने कनेक्शन मागितलं की नवी केबल ओढायचा कंटाळा येतो. मग त्याच केबलच्या दोन जोड्या तुम्हाला, दोन शेजाऱ्यांना. दहा वर्षांपूर्वी प्लॅनच १० आणि २० एमबीपीएसचे होते, तेव्हा याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज त्याच केबलवर २०० चा प्लॅन विकला जातो आणि तो जन्मात ९५ च्या वर जात नाही. एखादी तार उंदराने कुरतडली किंवा क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) नीट झालं नाही तरी हेच होतं: दोन्ही बाजूची यंत्रं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून आत किती रंग दिसतात ते मोजा. चारच दिसले, तर दोनशेचा प्लॅन घेऊन उपयोग नाही.

आता वायफाय. खरा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की बहुतेक अँड्रॉइड फोन ‘लिंक स्पीड’ दाखवतात. तिथे ७२ दिसलं, तर फोन २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर आहे आणि एकाच अँटेनाने बोलतो आहे. हा ७२ सुद्धा हवेतला कच्चा वेग. वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी थांबायचं, बोलणं झालं की पोच द्यायची, मग पुढच्याने बोलायचं. या शिष्टाचारात जवळजवळ निम्मा वेळ जातो. म्हणून लिंक ७२ असेल तर हातात ३५-४५ येतात. शंभरचा प्लॅन आणि चाळीसचा वेग, हे कोडं बहुतेक घरांत इथेच सुटतं. तुमच्या डब्यापर्यंत शंभर नीट आलेले असतात. पुढचे दहा फूट ते हवेतून जाऊ शकत नाहीत.

त्यात २.४ च्या पट्ट्यात दाटी भयंकर. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तिथे तीनच मिळतात: १, ६ आणि ११. कोथरूडच्या किंवा सिंहगड रोडच्या कुठल्याही मध्यम सोसायटीत वायफायची यादी उघडा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, ‘ए-३०४’पासून ‘गणपती बाप्पा मोरया’पर्यंत. हे सगळे त्याच तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेले असतात. तुमचा राउटर शेजाऱ्याच्या राउटरचं बोलणं संपेपर्यंत थांबतो. त्या शेजाऱ्याची कंपनी वेगळी, प्लॅन वेगळा, पण हवा एकच. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात वावरतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा याहून कितीतरी मोकळा. २०१८ साली सरकारने या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झ भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला, त्यामुळे तिथे जागेची ददात नाही. दोन अँटेनांचा साधा फोनही तिथे ८६६ चा लिंक स्पीड दाखवतो आणि शंभरचा प्लॅन सहज पूर्ण मिळतो. (राउटर बसवणारा मुलगा या नेटवर्कच्या नावाला ‘फाइव्ह जी’ जोडून जातो. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काडीचा संबंध नाही, पण पुष्कळ घरांत हे नेटवर्क ‘आपलं रिचार्ज नाही’ म्हणून कुणी वापरतच नाही.) या लहरींना भिंत मात्र सोसत नाही. एक भिंत निभते, दोन भिंती झाल्या की फोन गुपचूप २.४ वर जातो.

आणि भिंतीच्या बाबतीत पुणेकरांचं नशीब घरागणिक बदलतं. नव्वदच्या दशकातल्या चार मजली सोसायटीत आतल्या भिंती विटांच्या, बऱ्याचदा चार इंची. त्यातून वायफाय बऱ्यापैकी जातं. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंतींतून जात नाही. आणि वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या नव्या उंच इमारतींमध्ये जात नाही ते वेगळ्याच कारणाने. तिथे बऱ्याच ठिकाणी ‘मायवान’ पद्धतीचं बांधकाम असतं: अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती सुद्धा काँक्रीटने ओतायच्या, आत लोखंडी सळ्यांची जाळी. बेडरूमची साधी आतली भिंतही आरसीसीची. ज्या भागात घरून काम करणारे सगळ्यात जास्त, तिथेच हॉलमधला राउटर मागच्या बेडरूमसाठी जवळजवळ बंद. त्यात तो राउटर असतो कुठे, तर फायबर जिथून घरात शिरलं तिथेच. टीव्हीच्या मागे, नाहीतर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात. बसवणाऱ्याला पुढच्या घरी जायचं असतं, आणि घरातल्यांना वायर दिसायला नको असते.

यावर उपाय म्हणून बाजारात हजार-दीड हजाराचा रिपीटर मिळतो. मी तो सुचवत नाही. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे बोलणारा रिपीटर तीच हवा दोनदा वापरतो. खोलीत वायफायच्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा टीव्हीच्या केबलसाठी बिल्डरने टाकलेल्या पाइपातून एक कॅट-६ वायर मागच्या खोलीत न्यावी आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायवर देण्यापुरता, लावावा. इलेक्ट्रिशियनला दोन तासांचं काम आहे. भाड्याचं घर असेल तर गोष्ट वेगळी. मग दोन-तीन डब्यांचा मेश (आपसात बिनतारी जोडून एकच वायफाय देणारा संच) घ्या, पण दोन डब्यांमध्ये एकापेक्षा जास्त काँक्रीटची भिंत येणार नाही असे ठेवा.

घरचं तपासून झालं, वायर लावून पाहिलं, सकाळी सातला ९५ मिळतात आणि रात्री साडेनऊला ३० मिळतात. आता दोष तुमचा नाही.

फायबरमध्ये मुळात काय होतं ते समजून घेऊ. कंपनीच्या यंत्राच्या एका पोर्टमधून एक काचेची तार निघते. वाटेत, बहुधा एखाद्या खांबावर किंवा तुमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये, स्प्लिटर नावाची विजेशिवाय चालणारी छोटी डबी तिचे ३२ किंवा ६४ फाटे करते. आपल्याकडे सर्रास असलेल्या जीपॉन तंत्रात त्या एका पोर्टची क्षमता तुमच्याकडे येण्याच्या दिशेने सुमारे २४८८ एमबीपीएस आणि उलट दिशेने १२४४. चौसष्ट घरांना शंभर-शंभर विकले तर होतात ६४०० आणि तार २४८८ ची. बेरीज जुळत नाही, आणि ती जुळवायचा कुणाचा इरादाही नसतो.

ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी सहा जागा असतात, आणि वर्षातले तीनशे दिवस त्यातल्या चार रिकाम्या दिसतात. सगळ्यांकडे एकाच दिवशी पाहुणे येत नाहीत, या भरवशावर ती सोय केलेली असते. नेटचंही तसंच आहे. एका घराचा शंभरचा प्लॅन असला तरी संध्याकाळी घरामागे सरासरी वापर मोजक्याच एमबीपीएसचा असतो, कारण एचडी व्हिडिओला पाचच्या आसपास लागतात आणि तोही थांबत-थांबत खेचला जातो. म्हणून वाटून विकण्यात गैर काही नाही. घरगुती ग्राहकाला खरोखर एकट्याची लाइन द्यायची म्हटलं तर तिला लीज्ड लाइन म्हणतात, आणि तिचं बिल पाहिलं तर हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारणार नाही.

प्रश्न येतो तो वाटण्याच्या प्रमाणाचा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ साली घरगुती ब्रॉडबँडसाठी हे प्रमाण पन्नासास एक असावं असं मार्गदर्शन केलं होतं, म्हणजे पन्नास ग्राहकांमागे एकाची पूर्ण क्षमता. त्याआधी २००६ च्या नियमावलीत गर्दीच्या वेळी कुठलीही जोडणी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नसावी असं म्हटलं होतं. फायबरच्या शेवटच्या तुकड्यावर ही मर्यादा सहसा मोडत नाही. मोडते ती त्याच्या मागे. तुमच्या भागातला नेटवाला हा बऱ्याचदा एखाद्या मोठ्या कंपनीचा भागीदार असतो, किंवा ‘क’ वर्गाचा परवाना घेतलेला छोटा व्यावसायिक असतो. ‘अ’ वर्गाचा परवाना देशभर चालतो, ‘ब’ एका दूरसंचार परिमंडळात, ‘क’ त्याहून लहान, साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रात. हा छोटा व्यावसायिक वरून ठोकात बँडविड्थ विकत घेतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि आयपीएलच्या दिवसांत ग्राहक वाढतात, वापर वाढतो, पण वरून घेतलेली बँडविड्थ तेवढीच राहते. ती वाढवली तर दरमहा खर्च वाढतो आणि न वाढवली तर फक्त रात्रीच्या तक्रारी वाढतात. त्यातल्या अर्ध्यांना राउटर रिस्टार्ट करायला सांगता येतं.

माझा खरा आक्षेप इथे आहे. शंभरचा आकडा खोटा नसतो, तो पहाटे पाचला मिळतो. पण ग्राहक पहाटे पाचला सामना बघत नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून कंपन्यांना जाहिरातीत तोच वेग छापावा लागतो, जो रात्री ८ ते १० या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळतो. त्याआधी तिथेही दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेग ‘इतक्यापर्यंत’ म्हणून मिरवता यायचा. नियम बदलल्यावर जाहिरातींतले आकडे आपोआप खाली आले. आपल्या होर्डिंगवर असा संध्याकाळचा आकडा कुणी लावत नाही.

गर्दीशिवाय शहराची म्हणून काही कारणं आहेत. गच्चीवरची ती पत्र्याची पेटी एप्रिल-मेच्या उन्हात तापते आणि आतला स्विच दुपारी अडखळायला लागतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो, पण गच्चीवरच्या पेटीला इन्व्हर्टर नसतो. पावसाळ्यात रस्ते खोदायला बंदी असते, म्हणून त्याच्या आधी सगळ्या यंत्रणा खोदाई उरकायला धावतात आणि जेसीबीच्या दातात फायबर येतं. तुटलेली तार जोडताना एखादा जोड कच्चा राहतो, प्रकाश कमी पोहोचतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा, पोहोचणारा प्रकाश डीबीमध्ये सांगणारा उणे आकडा असतो. उणे २० ते २२ असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेला की डबा तग धरत नाही आणि ‘लॉस’चा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो. उणे २६ ला लाइन चालते, पण पॅकेटं गळतात. स्पीड टेस्टमध्ये सगळं ठीक आणि व्हिडिओ कॉलवर साहेबांचा चेहरा गोठलेला, असं असेल तर हा आकडा बघा. तंत्रज्ञाला ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘डीबी सव्वीस येतोय’ म्हटलं की तो वायर घेऊनच येतो.

झाडांवरून आणि खांबांवरून लोंबणाऱ्या तारांची कटकट नको म्हणून बिनतारी पर्यायही आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर सुरू झालं तेव्हा पहिल्या आठ शहरांत पुणे होतं. जिथे फायबर पोहोचत नाही तिथे ही चांगली सोय आहे. फक्त हे लक्षात असू द्या की इथली वाटणी स्प्लिटरवर नाही, मोबाइलच्या टॉवरवर होते, आणि त्या टॉवरवर रस्त्यावरचे सगळे मोबाइलही असतात. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा फरक जास्त जाणवतो.

स्पीड टेस्टवर किती विश्वास ठेवायचा? ऊक्लाची (स्पीडटेस्ट डॉट नेटवरची) टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा असतो. म्हणजे डेटा कंपनीच्या हद्दीतून बाहेर पडतच नाही. शिवाय टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून लाइन भरून काढते. तेच नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेलं फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मोजतं. दोन्ही पाठोपाठ करा. पहिल्यात ९५ आणि दुसऱ्यात २५ आले, तर बहुधा कंपनीचं आतलं जाळं ठीक आहे आणि बाहेर पडायचं दार अरुंद आहे. ऊक्लामध्ये हाताने मुंबईचा दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर निवडूनही हे कळतं. पुणे-मुंबई साधारण दीडशे किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन दीड मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ धरून पिंग (या जाण्यायेण्याचा मिलिसेकंदांतला वेळ, टेस्टमध्येच दिसतो) पाच-दहा यावा. चाळीस येत असेल तर तुमचा डेटा मुंबईला जायला चेन्नई किंवा दिल्लीचा फेरा मारतो आहे.

यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्यांचे साठे पुष्कळदा मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवलेले असतात, म्हणून ते झटकन येतात. एखादी फाइल अमेरिकेतल्या सर्व्हरवरून येत असेल तर एका फेरीला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. पाठवणारा थोडा डेटा पाठवतो, पोच येण्याची वाट बघतो, मग पुढचा पाठवतो. वाटेत एखादं पॅकेट गळलं की तो वेग कमी करतो आणि लांबच्या फेरीत तो पुन्हा वाढायला वेळ लागतो. ऑफिसचं व्हीपीएन परदेशातून फिरत असेल तर घरची लाइन कितीची आहे याने फारसा फरक पडत नाही. आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री संकेतस्थळ उघडत नसेल, तर त्यात तुमच्या नेटवाल्याचा काहीच हात नसतो.

‘अनलिमिटेड’बद्दल थोडक्यात. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अनलिमिटेड प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. १०० एमबीपीएसने अखंड डाउनलोड केलं तर ती ७३ तासांत संपते, पण साध्या घरात महिन्यात एवढं होत नाही. स्थानिक प्लॅनमध्ये मर्यादा कमी असू शकते आणि ती ओलांडली की वेग धाडकन खाली येतो. ट्रायने २०१६ मध्ये तो ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली नेता येणार नाही असं बजावलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंद होत असेल, तर कंपनीच्या अॅपमध्ये वापर किती झाला ते आधी बघा.

तक्रार करायची वेळ आली तर पुरावा वायरचा हवा. वायफायवरचा स्क्रीनशॉट पाहून कंपनी हात झटकते, आणि यात ती चुकीची नाही. २००६ च्या नियमावलीत कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत ठरलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असं स्पष्ट होतं. तिच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायची नवी एकत्रित नियमावली लागू झाली आहे. पुराव्यासाठी तीन-चार दिवस सकाळी एकदा आणि रात्री साडेनऊच्या सुमारास एकदा, लॅपटॉप वायरने जोडून, घरातली बाकी यंत्रं वायफायवरून उतरवून टेस्ट करा आणि तारीख-वेळेसकट जपून ठेवा. कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. फोनवर ‘करतो सर’ झालं म्हणजे तक्रार झाली असं नाही. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी सक्तीची केली आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे मेल पाठवून वाट बघण्यात अर्थ नाही. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात सगळ्यात लवकर गुण येतो तो कंपनी बदलण्याचा, आणि तो हक्क आपण स्वतःच विकून बसतो. ‘वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फ्री’ ही योजना घेतली की पुढचे बारा महिने नेटवाल्याला तुमची फिकीर उरत नाही. नवीन कनेक्शन घेताना पहिले दोन-तीन महिने महिन्याच्या महिन्यालाच भरा, आणि त्या आधी त्याच विंगमध्ये तीच कंपनी वापरणाऱ्या एखाद्याकडे रात्री नऊनंतर जाऊन, त्यांच्या राउटरला तुमचा लॅपटॉप वायरने लावून बघा. चहा मिळेलच.